चार वेळा ‘नाही’

सानचोंग,
२४ जून २०२१

चिरंजीव हुइलान हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोनवर बोलताना रडू येतं म्हणून कागद घेतला असं तू लिहिलंयस, ते बरं केलंस. मलाही फोनवर कुणाचं सांत्वन करता येत नाही. मी लगेच ‘जेवलीस का’ असं विचारते आणि पलीकडचं माणूस मला दगड समजतं. तिकडे तैनानला तुझ्या सासूबाई कशा आहेत? मुलाची शाळा अजून घरूनच चालू असेल. मी ठीक आहे. पाच वेळा चाचणी झाली, पाचही वेळा काही निघालं नाही. नाकाचा मात्र पार चोथा झाला.

आईचे शेवटचे दिवस कसे गेले, असं तू विचारलंयस. हॉस्पिटलातले बारा दिवस मला ठाऊक नाहीत. तिथे तुम्हा मुलांनाच आत घेतलं नाही तर मला कोण घेणार. पण त्याआधी अकरा वर्षं, आठवड्यातून तीनदा, डायलिसिसला, ती आमच्या दवाखान्यातल्या आठ नंबरच्या खाटेवर माझ्यासमोर होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आम्ही तिला चिनचूताई म्हणायचो; ती स्वतःला मोठ्या तोऱ्यात ‘एक-तीन-पाचवाली’ म्हणवून घ्यायची. मंगळ-गुरु-शनिवारी किडनी धुवायला येणारे ‘दोन-चार-सहावाले’ तिच्या मते सगळे आळशी आणि कपड्यांची अक्कल नसलेले.

कपड्यांवरून आठवलं. थंडीत सुई टोचायची म्हणजे कोट काढून डावा दंड उघडा करावा लागतो, म्हणून तिने आधी स्वतःच्या कोटाच्या बाहीला चेन बसवली. मग शेजारच्या सात नंबरच्या, मग हळूहळू अर्ध्या दवाखान्याच्या. आपल्या शिवणकामाच्या दुकानातून उरलेल्या चेनी घेऊन यायची आणि यंत्र चालू असताना उजव्या हाताने मापं लिहायची. अजूनही कितीतरी जण त्याच बाह्यांचे कोट बाळगून आहेत. हिवाळा आला की मला त्या चेनी उघडाव्या लागतील, तेव्हा काय होईल ते होईल.

एक गोष्ट मात्र तुझ्यापाशी कबूल करायची आहे. मेच्या मध्यावर आम्हा नर्सपैकी दोघींना विलगीकरणात घरी बसवलं, गाऊन पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी काही जणांचे चार तासांचे तीन करायला सांगितले. कुणाचे करायचे ती यादी माझ्यावर सोपवली. तुझी आई पाणी मोजून प्यायची, तिचं वजन कधी वाढलेलं नसायचं. म्हणून मी तिचा तास कापला आणि जे वाट्टेल ते खाऊन फुगून येतात त्यांचे चार ठेवले. शहाण्यासारखं वागल्याची शिक्षाच म्हण. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘बरं झालं, मालिका सुरुवातीपासून बघायला मिळेल.’ त्या तासाने तिच्या अंगातली ताकद कमी झाली असेल का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. तरी मला तो तास खुपतो. माझ्या हातून झालं ते एवढंच.

आजार नेमका कुठून आला, या तुझ्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? आरोग्य खात्याने चौकशी केली, त्यांचा अहवाल तुमच्याकडे आलाच आहे. त्या दिवसांत सगळ्या शहराचीच हवा बिघडली होती.

जेवत जा. केस गळतायत म्हणालीस, ते शोकाचं असतं, थांबतं.

तुझी,
श्वेचिन मावशी


सानचोंग,
८ ऑगस्ट २०२१

चिरंजीव हुइलान हिला,
आशीर्वाद.

पार्सल आणि पत्र दोन्ही पोचून दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आज रविवार आहे, शिवाय भुतांचा महिना सुरू झाला, म्हणून भटक्या आत्म्यांसाठी सकाळी दवाखान्याच्या दाराशी टेबल मांडून फळं आणि बिस्किटं ठेवून आले. आमचे डॉक्टर अमेरिकेत शिकून आले आहेत, पण टेबल मांडायला उशीर झाला तर सगळ्यात आधी तेच अस्वस्थ होतात.

तुझं पत्र मी चार-पाचदा वाचलं. अहवालात ‘संभाव्य उगम: मातृदिनाचं कौटुंबिक जेवण’ असं लिहिलंय आणि तुझ्या भावाने ती ओळ सगळ्या नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, हे मला ठाऊक नव्हतं. तू तैनानहून गाडीने आलीस, तू आईला गर्दीच्या हॉटेलात नेलंस, तू तिला मारलंस, आणि तिच्याकडून तो आजार बिचाऱ्या सात नंबरला गेला: असं तो म्हणाला. आईच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला तू उदबत्तीला हात लावायचा नाहीस, असंही म्हणाला. तुझी चाचणी कोरी निघाली होती, पण ती जेवणानंतर सोळा दिवसांनी झाली, म्हणून त्याला ती मान्य नाही. आणि हुइलान, तुलाही मान्य नाही, हे मला तुझ्या अक्षरावरून दिसतं.

तुझ्या भावाचंही चुकतंय असं नाही. तो आईजवळ राहत होता, त्याला कुणावर तरी राग काढायचाय. पण कागदावर लिहिलेलं सगळं खरंच असतं असं नाही. मी तीस वर्षं कागद भरतेय, मला माहीत आहे. तुझ्यामुळे झालं असं मला वाटत नाही. का वाटत नाही, ते विचारू नकोस.

आता पार्सलचं. दुकानातल्या तुकड्यांची ती गोधडी मी ओळखली, यंत्र चालू असताना थंडी वाजते म्हणून ती रोज घेऊन यायची. ती तू सात नंबरला द्यायला पाठवलीस, ‘आईमुळे तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मी तिच्या वतीने माफी मागते’ या चिठ्ठीसकट. सात नंबर म्हणजे छिंगशान काका. तुझी आई फोनवर तुला त्यांच्या गमती सांगायची, म्हणून तुला नुसता नंबर माहीत. ते वाचले. सहा आठवडे दुसरीकडे उपचार झाले, जुलैपासून परत आमच्याकडे आहेत. पार वाळलेत. शेजारची आठ नंबरची खाट रिकामीच आहे. या महिन्यात तिथे झोपायला कुणी तयार होणार नाही.

पार्सल मी आठवडाभर कपाटात ठेवलं. काल नव्हे, शुक्रवारी दिलं. त्यांनी गोधडी बघितली आणि म्हणाले, ‘हे मला नको. घेऊन जा.’

‘तैनानहून तिच्या मुलीने पाठवलीय.’

‘काय लिहिलंय?’

‘तुमची माफी मागितलीय.’

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने रक्तदाब उतरला म्हणून यंत्र ओरडायला लागलं, मी खाटेची डोक्याकडची बाजू खाली केली, आणि त्या गडबडीत बोलणं राहून गेलं. गोधडी परत कपाटात आहे. मी जपून ठेवीन.

तू मला तुझी मावशी म्हणतेस, माझ्याशी मन मोकळं करतेस. मला त्याचं ओझं होतं असं नाही. म्हणजे होतं, पण तुला वाटतं तसलं नाही. आज इथेच थांबते, उकाडा फार आहे.

तुझी,
श्वेचिन मावशी


सानचोंग,
३ सप्टेंबर २०२१

हुइलान,

वर आशीर्वाद लिहिला नाही. हे वाचून झाल्यावर तुला माझा आशीर्वाद हवा असेल की नाही, मला माहीत नाही.

नऊ तारखेला आईचा शंभरावा दिवस. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं म्हणून पोस्टात रजिस्टर करून टाकते आहे. पहिल्या पत्रात मी तुला एका तासाची चूक सांगितली होती. ती खरी होती. पण मोठी चूक झाकायला मी ती पुढे केली.

आमच्या दाराशी चार प्रश्नांचा कागद भरावा लागतो. परदेशी गेला होतात का, कामाच्या जागी धोका आहे का, आजारी माणसाजवळ गेलात का, गर्दीच्या जागी बसलात का. साथ आली तेव्हा मी महिनाभर प्रत्येकाला चारही प्रश्न विचारले. पुढे आपल्या बेटावर महिनोन्‌महिने एकही रुग्ण निघेना. म्हातारी माणसं वैतागायची. ‘परदेशी? मला बाजारापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं,’ असं तुझीच आई म्हणायची. मग मी कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी, चहा पिता पिता, सगळ्यांच्या कागदांवर चारही ठिकाणी ‘नाही’वर खूण करून ठेवायला लागले. माणूस आला की तापमान लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. वर्षभर असं चाललं. इतर जणीही तेच करत, पण सगळ्यात जुनी मी, आणि माझं बघूनच त्या शिकल्या.

१७ मे, सोमवार. शनिवारीच निर्बंध लागले होते. नदीपलीकडे वानहुआतल्या चहाघरांमधून आजार पसरला म्हणून टीव्हीवर तेच चाललं होतं. तिथे चहाबरोबर बायका शेजारी बसून गाणी म्हणतात, म्हणून सगळं गाव त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना हसत होतं. तिथे गेला असाल तर येऊन चाचणी करा, असं सरकार दर तासाला सांगत होतं. ती बातमी ऐकत ऐकत मी सकाळी कागदांवर खुणा केल्या. चार वेळा ‘नाही’, पुढचा कागद, चार वेळा ‘नाही’. माझा हात थांबलासुद्धा नाही.

छिंगशान काका आले. रविवारची सुट्टी मधे असल्याने चार किलो पाणी चढलेलं, पाय सुजलेले, बोलताना धाप. काकू नेहमीसारख्या बाहेरच्या बाकावर बसल्या. काकांना ताप नव्हता. सहीला पेन घेऊन ते थांबले.

‘श्वेचिन, त्या चौथ्या प्रश्नाचं विचारतो. कुणी चहा प्यायला गेलं असेल तर?’

‘कुठे?’

‘पलीकडे.’

‘कधी?’

‘गेल्या मंगळवारी. त्याआधीही.’

‘खोकला, कणकण, काही?’

‘काही नाही. बायकोला कळलं तर मात्र ताप भरेल.’

मी हसले, हुइलान. तेव्हा मला हसू आलं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

‘हो’ लिहिलं असतं तर नियमाप्रमाणे त्यांना आत घेता आलं नसतं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, तिथे चाचणी, चाचणीचा निकाल येईपर्यंत वाट बघायची. शनिवारी आमच्या दोन-चार-सहाच्या एका बाईंना तसं पाठवलं होतं, त्या दीड दिवस खुर्चीवर बसून होत्या, फुप्फुसात पाणी भरलं तेव्हा कुठे आत घेतलं. काकांचे पाय बघून मला त्या आठवल्या. हे मी सगळ्यांना सांगू शकते आणि ऐकणारा म्हणेल, बाई, तुझी जागाच अवघड होती.

पण कोपऱ्यात पडद्यामागची एकवीस नंबरची खाट त्या दिवशी मोकळी होती. त्यांना तिथे झोपवलं असतं, कागदावर खरं लिहिलं असतं, डॉक्टरांना सांगून तेवढ्यापुरती परवानगी घेतली असती, तर त्यांची किडनीही धुतली गेली असती आणि तुझी आईही वाचली असती. मी तसं का केलं नाही? तर सगळ्यांनी विचारलं असतं, आज काका कोपऱ्यात का? काकूंना कळलं असतं. चारचौघांत म्हाताऱ्याची लाज गेली असती. मी त्यांचा जीव वाचवत होते असं तीन महिने स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. मी त्यांची अब्रू वाचवत होते, तुझ्या आईच्या जिवावर.

मी म्हणाले, ‘सही करा आणि आडवे व्हा.’ सात नंबरवर. तासाभराने तुझ्या आईची साखर उतरली. तिने पिशवीतला पाव काढला, मास्क खाली केला आणि सवयीने अर्धा काकांना दिला. दोघं मास्क उतरवून खात होती, काका तिला काहीतरी सांगून हसवत होते. मला मधला पडदा ओढता आला असता. कारण मात्र सांगावं लागलं असतं, म्हणून मी बघितलं न बघितलं केलं. बुधवारीही तसंच.

शुक्रवारी तुझ्या आईला ताप आला. चाचणीत दोघंही बाधित निघाली, पण ताप तिला आधी आला आणि त्यांना काहीच त्रास नव्हता, म्हणून चौकशीवाल्यांनी क्रम तसा लावला: मुलीकडून आईला, आईकडून शेजाऱ्याला. त्यांनी माझ्याकडून कागद मागितले. मी दिले. काकांनी ‘बाजाराशिवाय कुठे गेलो नाही’ असं सांगितलं तेव्हा मी शेजारी उभी होते. चौकशीवाला तरुण माणूस होता, म्हणाला, ‘तुमच्याकडचे कागद फार व्यवस्थित आहेत.’ मी त्याला पाणी दिलं.

तुझ्या भावाने वाचलेली ती ओळ माझ्या खुणांमुळे तिथे आली आहे.

पंचवीस ऑगस्टला मी काकांना तुझं पत्र सांगितलं. उदबत्तीचंही सांगितलं.

‘म्हणजे पोरीने माझी माफी मागितली आणि तिकडे तिलाच घराबाहेर उभी करतायत?’

‘हो.’

‘मग लिही की तिला. कागदावर ‘नाही’ तू लिहिलंस.’

‘तुम्ही बाजारात गेलो होतो म्हणालात.’

‘तू शेजारी उभी होतीस. तुझं तोंड कुणी शिवलं होतं?’

‘तुमच्यासाठीच गप्प बसले ना.’

‘आधी माझ्यासाठी. नंतर तुझ्या नोकरीसाठी,’ ते म्हणाले. ते खरं होतं. मग म्हणाले, ‘बायकोला मी सांगतो. सोमवारपर्यंत थांब. मग माझं नाव घालून लिही.’

तेव्हा त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. सोमवारी दोघं आली. काकू बाकावर बसल्या नाहीत, सरळ माझ्या टेबलापाशी आल्या.

‘एवढ्यासाठी?’ त्या म्हणाल्या. ‘तीस वर्षं हा माणूस दर मंगळवारी केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो. मला काय वाटत होतं, मासे पकडायला जातो? घरात तीन तास शांतता मिळायची म्हणून मी कधी विचारलं नाही. तू बाहेर येऊन मला विचारायचंस, बाई. मी वीस पावलांवर बसले होते. मी सांगितलं असतं.’

त्या ओरडल्या नाहीत. काकांच्या पायांवर पांघरूण घातलं आणि बाहेर जाऊन बसल्या. मी औषधांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. जे गुपित जपायला मी गप्प बसले, ते त्या घरात गुपित नव्हतंच. मला त्यांना नुसतं विचारायचं होतं. त्याच एका कामासाठी मला त्या दाराशी बसवलं होतं.

बुधवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. काल आरोग्य खात्यात जाऊन लेखी जबाब दिला, काकांनीही दिला. अहवाल बदलेल, पण सरकारी काम आहे, नऊ तारखेपर्यंत होणार नाही. माझ्या नोकरीचं आणि परवान्याचं काय ते महिनाभरात कळेल. त्याची काळजी करू नकोस. ती तू करायची नाहीस. जबाबाची शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे. गोधडी वेगळी पाठवली आहे. ती तुझी आहे, कुणाची माफी मागायला ती देऊ नकोस.

तू आईला हॉटेलात नेलंस, तिने मनापासून जेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वजन पाऊण किलो जास्त भरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी डोळे वटारले तर म्हणाली, ‘लेकीने मासा वाढला, नाही कसं म्हणणार.’ त्या जेवणातून तिला एवढंच मिळालं.

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. दोन पत्रं मी तुझं दुःख वाचत बसले आणि तुला ते वाहू दिलं, हे १७ मेपेक्षाही वाईट झालं असं मला आता वाटतं. तेव्हा मी घाईत होते, या वेळी मला पुरता वेळ होता.

नऊ तारखेला पहिली उदबत्ती तू लाव. भावाने अडवलं तर हे पत्र त्याच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर त्यालाच मोठ्याने वाचायला सांग. त्याला कुणाला तरी दोष द्यायचाय ना, तर खाली नाव आणि पत्ता लिहिला आहे. त्याने इथे यावं. मी घरी आहे.

चिनचूताईच्या मृत्यूला कारण झालेली,
ग्वो श्वेचिन
दुसरा मजला, देवळामागची गल्ली, सानचोंग